दोन थेंब तेल

शिलाई मशीन हाताचं असो, पायाचं असो की विजेवरचं, माझ्या बाकावर आलं की ते गुणगुणायला लागतं. ही फुशारकी नाही असं मी म्हणणार नाही. फुशारकीच आहे! एकतीस वर्षं हेच केलंय आणि मला कुणी शिकवलेलं नाही. दुकानात सर्टिफिकेट लावायची जी जागा असते तिथे मी कॅलेंडर लावलंय. सर्टिफिकेटवाले मशीनचं पोट फाडतात, आतलं बघून घाबरतात आणि गिऱ्हाईक ते पिशवीत घालून माझ्याकडे आणतं. मी विशेष काही करत नाही. फडक्याने पुसतो, कान लावून ऐकतो आणि जिथे लोखंडाला लोखंड घासतंय तिथे तेलाचे दोन थेंब सोडतो. शंभरातली ऐंशी मशिनं तेवढ्यावर चालू होतात. उरलेल्या विसांना चार थेंब लागतात.

या हातांवर अख्ख्या वस्तीचा विश्वास आहे. फक्त आमच्या सासूबाईंचा नाही.

सासरे गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, त्या आमच्याकडेच राहतात. पण लग्नाला अठरा वर्षं झाली, या बाईंनी मला कधी चष्म्याचा स्क्रूसुद्धा पिळायला दिला नाही. दांडी निखळली की त्या तडक चौकातल्या चष्मेवाल्याकडे जाणार आणि मी घरात स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसणार, बस न थांबता पुढे गेलेल्या प्रवाशासारखा!

सासूबाई पोहायला शिकवायच्या. सार्वजनिक तलावावर, तीस वर्षं. आवाज असा की शिट्टीची गरज नाही. या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी मानगूट धरून पाण्यात ढकललंय आणि मानगूट धरूनच वर काढलंय. स्वतःचा जन्म मात्र गेला तो बारा फूट खोल, औषध टाकलेल्या पाण्यात. निवृत्त झाल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीला हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारायला शिकल्या. लोक म्हणाले, "या वयात?" त्या म्हणाल्या, "मासे वय विचारत नाहीत."

पाच वर्षं किनाऱ्याजवळच्या बुड्या झाल्या. यंदा मोठी सफर होती. सहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्याखाली जायचं. शनिवारी सकाळी निघायचं होतं. त्याआधी गुरुवारी तब्येतीच्या कागदावर डॉक्टरीणबाईंची सही हवी होती. ती आणायला सासूबाई सकाळीच बाहेर पडल्या, बायको इस्पितळात कामाला गेली (ती तिथे एक्स-रे काढते), आणि घरात उरलो मी आणि जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली सासूबाईंची बुडीच्या सामानाची पिशवी.

खरं सांगतो, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. जगातले सगळे घोटाळे वाईट काही मनात नसलेल्या माणसांनीच केलेत!

पिशवीतलं एकेक सामान मी बाहेर काढलं. जाकिटाची कडी लावून बघितली, कर्र वाजली. रबरी पोशाखाची चेन ओढली, अर्ध्यात अडकली. माझा हात आपोआप खिशातल्या तेलाच्या कुपीकडे गेला. कडीला दोन थेंब. चेनला वरपासून खालपर्यंत. मग हाताला लागलं ते मुख्य यंत्र, रेग्युलेटर. सिलिंडरवर बसतो तो धातूचा ठोकळा, त्यातून निघालेली रबरी नळी आणि तिच्या टोकाला वाटीएवढी डबी, जी दातांत धरून श्वास घ्यायचा. पाण्याखाली माणूस आणि मरण यांच्यामध्ये एवढी एकच वस्तू असते. मी ती कानाला लावली, आतली पट्टी दाबली. हलकीशी खर्र ऐकू आली. म्हातारी बाई, खोल पाणी आणि कोरडं यंत्र! डबीत दोन थेंब सोडले. ठोकळ्याला हवा आत यायचं भोक होतं, तिथे दोन. मग जबाबदारीच्या जाणिवेने आणखी दोन. पट्टी पुन्हा दाबली. लोण्यासारखी चालली!

त्या दिवशी दुकानात जाताना माझी छाती इतकी फुगली होती की शटरखालून वाकून जाताना अडकली असती.

दुपारी जेवायला घरी आलो तर सासूबाई सहीचा कागद टेबलावर ठेवून बसल्या होत्या.

"झाली सही?" मी विचारलं.

"झाली. शेवटची."

"म्हणजे?"

"कानाचा पडदा पातळ झालाय, रक्तदाब नाचतोय. त्या म्हणाल्या, यंदा जाऊन या, पुढच्या वर्षी मी सही करणार नाही." सासूबाई कागदाची घडी सारखी करत राहिल्या. "शंभर प्रश्न विचारले. चक्कर येते का, दम लागतो का, विसरायला होतं का. म्हटलं, बाई, तीस वर्षांत एका पोराचं नाव विसरले नाही. विचारा!"

त्या एवढ्या हळू बोलल्या की मला खुर्चीत सरळ बसावं लागलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, निदान यंत्र तरी मी टकाटक करून ठेवलंय.

मग त्यांनी बोटवाल्यांनी पाठवलेली यादी माझ्या हातात दिली. अक्षर मुंग्यांचं. "जावईबापू, तुम्ही वाचा, मी सामान भरते."

"मऊ पिशवी. कडक पेटी बोटीवर ठेवायला जागा नाही."

"आहे."

"डोळ्यांवरचा मुखवटा एक, जादाचा एक."

"आहेत."

"पोहण्याचे कपडे दोन जोड. एक वाळत असताना दुसरा घालावा."

"हे मला शिकवतायत! पुढे."

"कानाचं औषध. टोपी. टॉर्च दोन. महत्त्वाची सूचना. बोटीवर सिलिंडरमध्ये प्राणवायू जास्त असलेली हवा भरली जाते. म्हणून..."

म्हणून श्वासाच्या कोणत्याही साधनाला साधं तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. दाबाखाली पेट घेऊ शकतं. तेलाचा अंश फुप्फुसात गेल्यास जिवाला धोका. हे सगळं मी वाचलं, पण मनात. टेबल, पिशवी आणि सासूबाई तिन्ही माझ्यापासून लांब लांब जायला लागले.

"म्हणून काय?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून... बोटीवर सिगारेट ओढू नये."

"मी ओढते का?"

"सगळ्यांसाठी लिहिलंय, आई."

"मग 'महत्त्वाची सूचना' कशाला? मूर्ख आहेत."

हो, मूर्ख होते. कोण ते मला माहीत होतं.

संध्याकाळी त्या फिरायला गेल्या तशी मी रेग्युलेटर घेऊन न्हाणीघरात घुसलो आणि भांड्यांच्या साबणाने तो घासला. गरम पाण्याने धुतला, झटकला, फुंकला. तेल जिथल्या तिथे राहिलं, वर आत पाणी शिरलं! ठोकळ्यातून असा आवाज यायला लागला जसा सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून येतो. तेवढ्यात दार उघडलं. बायको.

"काय करतोयस?"

"काही नाही."

"तुझा चेहरा बघ. एक्स-रे न काढताही आतलं दिसतंय."

मी सांगितलं. ती न्हाणीघराच्या दारातच खाली बसली.

"आईला सांग."

"सांगतो."

"कधी?"

"दुरुस्त झाल्यावर."

"म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली. "हे बघ, उद्या संध्याकाळपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. आणि मी सांगितलं तर माझ्या पद्धतीने सांगेन."

शुक्रवारी सकाळी मी रेग्युलेटर कापडी पिशवीत घालून पाणबुड्याच्या दुकानात गेलो. पाणबुड्या म्हणजे बुडीचं सामान भाड्याने देणारा आणि दुरुस्त करणारा गडी. बेंबीपर्यंत दाढी, भिंतीवर चार सर्टिफिकेटं. एरवी मी अशा भिंतीकडे बघतसुद्धा नाही.

"एका मित्राचं आहे," मी म्हणालो. "त्याने चुकून थोडं तेल लावलं."

त्याने वास घेतला. ठोकळ्याच्या भोकात बारीक दिवा घालून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मशीनचं तेल?"

"असावं. मित्र म्हणत होता."

"कुणी सांगितलं त्याला?"

"त्याचा तोच शिकलाय सगळं."

"दिसतंय! दादा, त्या मित्राला एकदा इथे आणा. दोन्ही हात बाकाला बांधून ठेवतो. माणूस मारायचे बरेच प्रकार मी बघितलेत, पण एवढ्या प्रेमाने मारणारा बघितला नव्हता."

"साफ होईल का? उद्या सकाळपर्यंत?"

"सगळा खोलावा लागेल. आतल्या रबराच्या कड्या सगळ्या नव्या. त्या मागवायच्या, आठ दिवस." त्याने ठोकळा उलटा केला आणि बाकावर पाण्याचा एक थेंब पडला. "धुतला पण?"

"मित्राने," मी म्हणालो.

माझ्या रागीटपणाची चौकात ख्याती आहे. नगरपालिकेच्या नळखात्याच्या साहेबाला मी तोंडावर चोर म्हटलंय. त्या दुकानातून मात्र मी बाहेर पडलो तो दोन पायांवर चालणाऱ्या फडक्यासारखा.

घरी आलो. दार उघडलं आणि थबकलो.

घरातल्या प्रत्येक कपाटाचं दार उघडं होतं, प्रत्येक खण बाहेर लोंबत होता. गाद्या उलथल्या होत्या. पिशवी रिकामी, सामान जमिनीवर ओळीने मांडलेलं. फ्रिजचं दारसुद्धा उघडं! आणि सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी रेग्युलेटर कुठे ठेवला असेल?"

आवाज त्यांचा नव्हता. पाठीमागे धरलेली कापडी पिशवी माझ्या हाताला टोचत होती. त्या क्षणी मी फक्त हात पुढे करायचा होता. पण जन्मभर बेधडक बोलल्याची शेखी मिरवणारा मी म्हणालो, "सापडेल, आई. कुठे जाणारेय!"

हे वाक्य मी माझ्या आयुष्यातून खरवडून काढू शकलो असतो तर काढलं असतं.

"तीन वेळा सगळं बघितलं," त्या म्हणाल्या. "काल टेबलावर होता. मग मी तो उचलला असणार. कधी उचलला, कुठे नेला, काही आठवत नाही. काहीच नाही. कोरी पाटी." त्यांनी फ्रिजकडे बघितलं. "माझी थोरली बहीण असंच करायची. सुरुवात अशीच झाली होती. चपला फ्रिजमध्ये."

"आई, असं काही..."

"काल डॉक्टरीणबाईंना छाती काढून सांगितलं, मी विसरत नाही म्हणून. खोटं ठरलं." त्या उठल्या, सहीचा कागद घेतला, चपला शोधायला लागल्या. चपला दारातच होत्या, तरी त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. "त्यांच्याकडे जाऊन येते. सही खोडून घेते आणि बोटवाल्यांना कळवते. जी बाई आपला श्वास कुठे ठेवला ते विसरते तिने पाण्याखाली जाऊ नये. तिथे माझ्याबरोबर बुडी मारणारा जोडीदार माझ्या भरवशावर असणार. मी एकटी मेले तर चालेल, त्याचं काय?"

आणि त्या निघाल्या. कठडा धरून, पायरीपायरीने. रोज त्या कठडा धरत नाहीत.

मी दारात उभा होतो. एकीकडे माझी एकतीस वर्षांची ऐट आणि दुसरीकडे ही बाई, जी एका सकाळीत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. माझ्यामुळे! एका जिन्यात मी तिची शेवटची सफर बुडवत होतो, आणि नुसती सफर नाही, तिचा तिच्या डोक्यावरचा भरवसासुद्धा. मी धावलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना गाठलं आणि पिशवीतून रेग्युलेटर काढून समोर धरला.

"तुम्ही विसरला नाहीत. मी घेतला. मी त्याला तेल लावलं. न विचारता. मग यादीतली सूचना लपवली. सिगारेटचं काही नव्हतं त्यात. मग साबणाने धुतला. मग पाणबुड्याकडे नेला. तो आठ दिवस म्हणतोय. सगळं मी केलं."

सासूबाईंनी रेग्युलेटर हातात घेतला.

"म्हणजे मी उचलला नव्हता?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या हाताला अजून वास येतोय, बघा."

त्यांनी खरंच माझा हात ओढून वास घेतला. मग त्या पायरीवर बसल्या. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता मानगूट!

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्या हाताच्या पाठीने गाल पुसत होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षांत तुम्ही मला दिलेली ही पहिली चांगली बातमी."

मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्यांचा आवाज परत आला. तलावावरचा, पूर्ण.

"आता वाईट बातमी! आणखी कशाकशाला लावलंत?"

"जाकिटाच्या कड्यांना."

"आणखी?"

"पोशाखाच्या चेनला."

"आणखी!"

"मुखवट्याच्या पट्ट्याला. टॉर्चच्या झाकणाला." आमच्या खालच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं. "आणि शिट्टीला."

"शिट्टीला?"

"आतला दाणा अडकत होता."

"शिट्टी प्लास्टिकची आहे हो! प्लास्टिकला कसलं तेल?"



मग त्या पुढे आणि मी मागे अशी आमची वरात पाणबुड्याच्या दुकानात गेली. सासूबाई उंबऱ्यात दिसल्या मात्र, तो दाढीवाला गडी उठून उभा राहिला आणि त्याने चहाचा कप पाठीमागे लपवला. सात वर्षांचा असताना त्याला यांनीच पाण्यात ढकललं होतं.

"बाई, तुमचा होता तो?" मग त्याने माझ्याकडे बघितलं. "मित्र आला वाटतं."

एवढं बोलून त्याने भिंतीवरचा स्वतःचा रेग्युलेटर काढला. "परवाच साफ केलाय. हा न्या." सासूबाईंच्या पुढच्या दातांची कवळी आहे, दुसऱ्याची, दातांत धरायची रबरी मुखपट्टी तोंडात ठरत नाही. म्हणून त्याने एक नवी मुखपट्टी गरम पाण्यात मऊ केली आणि त्यांना ती दातांत दाबून धरायला सांगितली, म्हणजे त्यांच्या चाव्याचा साचा होईल. मिनिटभर त्यांच्या तोंडात रबर होतं, बोलता येत नव्हतं. तेवढा वेळ त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं!

दुपारभर मी न्हाणीघरात बसून तेल लागलेली एकेक वस्तू घासत होतो. बायको दारात स्टूल टाकून बसली होती. वस्तू धुतली की तिच्याकडे द्यायची. ती वास घ्यायची आणि बहुतेक वेळा परत द्यायची. टॉर्च बाद झाली, पोशाखाची चेन चार वेळा परत आली. शिट्टी पहिल्या फेरीत पास झाली.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी पिशवी स्वतः उचलली. मी हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "नको. तुमचा हात लागला की मला भीती वाटते." बसथांबा चौकात आहे. त्या ताठ चालत गेल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्या वळणापलीकडे गेल्या आणि बायकोचा हात खिडकीच्या कट्ट्यावर पडला.

"अरे," ती म्हणाली.

कट्ट्यावर एक कार्ड होतं. सासूबाईंचा फोटो, बुडी शिकल्याची नोंद. ते दाखवल्याशिवाय कुठलीही बोट पाण्यात उतरू देत नाही.

कुणी तेल लावलं नव्हतं, कुणी लपवलं नव्हतं.

"विसरली," बायको अगदी हळू म्हणाली.

मी कार्ड घेऊन धावलो. जिना उतरताना एकच गोष्ट डोक्यात होती. हे कार्ड त्यांच्या हातात दिलं की पुन्हा तो कालचा आवाज ऐकायला लागणार. तीन दिवसांत मी स्वतःला वाचवायला भरपूर खोटं बोललो होतो. एकदा त्यांना वाचवायला बोललो तर काय बिघडतं?

चौकात बस उभी होती, इंजिन चालू. सासूबाई बसमध्ये नव्हत्या. पिशवी ड्रायव्हरच्या हवाली करून त्या माझ्याच दिशेने झपाझप येत होत्या.

"आई!" मी धापा टाकत म्हणालो. "हे कार्ड! मीच काढून घेतलं होतं. नंबर उतरवून ठेवायला. परत ठेवायचं राहिलं. माझी चूक!"

त्यांनी कार्ड घेतलं.

"कुठून काढलंत?"

"पिशवीतून."

"कुठल्या कप्प्यातून?"

"बाहेरच्या."

"कार्ड मी पिशवीत ठेवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "निघताना हातात घ्यायचं म्हणून खिडकीत ठेवलं होतं. घ्यायचं राहिलं. बसमध्ये पाय ठेवला आणि आठवलं, म्हणून परत येत होते."

मी माझ्या चपलांकडे बघायला लागलो.

"विसरले मी, आठवलं मला," त्या म्हणाल्या. "दोन्ही माझं मी बघेन. तुम्ही मध्ये येऊ नका."

"बरं, आई."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या वळल्या, चार पावलं गेल्या, दारातल्या दांडीला धरून चढल्या आणि तिथून, तलावाच्या पार त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात, म्हणाल्या:

"आणि जावईबापू! पोरं तलावात मुतायची आणि 'मी नाही, बाई' म्हणायची, तेव्हा त्यांचं तोंड अगदी असंच व्हायचं!"

बस गेली. खिडक्यांतून बत्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातली तीन माझी गिऱ्हाइकं होती. त्यातल्या दोघांनी सोमवारीच दुरुस्तीला टाकलेली मशिनं तशीच परत नेली.